शकुंतला घडविणारी शिल्पकार : कामीय क्लोदेल

कालिदासाच्या नाटकाचें नांव नुसतें ‘शाकुंतल’ नसून ‘अभिज्ञान-शाकुंतल’ आहे, हें मराठी घरांतील शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. अभिज्ञान म्हणजे ओळख पटविणारी खूण. शकुंतला खरी, तिचें प्रेम खरें, तिच्या उदरांतील मूलहि खरें. परंतु बोटांत अंगठी नाहीं म्हणून भर राजसभेंत तिची ओळख नाकारली गेली. एखादी गोष्ट खरी असणें निराळें आणि ती खरी म्हणून ओळखली जाणें निराळें, हें त्या नाटकाचें दुःख आहे. इ. स. १८८८ मध्यें पॅरिस येथील ‘सालाँ’ या वार्षिक कलाप्रदर्शनांत याच शकुंतलेचें एक मोठें शिल्प मांडलेलें होतें. तें घडविणारी तेवीस वर्षांची एक फ्रेंच तरुणी होती. तिचें नांव कामीय क्लोदेल. त्या वर्षीं परीक्षकांकडून तिला ‘सन्माननीय उल्लेख’ मिळाला. पुढें मात्र पुष्कळ वर्षें तिचें नांव निघालें तें दुसऱ्या कोणाच्या तरी नांवाला धरून : कधीं ऑग्यूस्त रोदँ या जगद्विख्यात शिल्पकाराची शिष्या व प्रेयसी म्हणून, तर कधीं पोल क्लोदेल या कवीची बहीण म्हणून.

थोर पुरुषाच्या सावलींत एक गुणी स्त्री झांकून गेली, असें म्हणून या प्रकरणाचा निकाल बहुधा एका वाक्यांत लावला जातो. परंतु सावली कांहीं आपोआप पडत नाहीं. दिवा कोणाच्या हातीं आहे, कोण कोठें उभें आहे आणि मध्यें कोणत्या भिंती आहेत, यांवर तिचा आकार ठरतो. कामीयच्या बाबतींत त्या भिंती कोणत्या होत्या हें क्रमानें पाहिलें, तर रोदँला दुष्ट आणि तिला बिचारी ठरवून मोकळें होण्यापेक्षां अधिक उपयोगाचें असें कांहीं हातीं लागेल.

कामीयचा जन्म ८ डिसेंबर १८६४ रोजीं उत्तर फ्रान्समधील फेर-आँ-तार्देन्वा या लहान गांवीं झाला. वडील सरकारी नोंदणी-खात्यांत अधिकारी होते. त्यामुळें बदल्या ठरलेल्याच. आई काटेकोर आणि करड्या स्वभावाची. कामीयच्या पाठीवर लुईझ ही बहीण आणि तिच्यानंतर १८६८ सालीं पोल हा भाऊ. थोरल्या मुलीला मातीचें वेड लहानपणींच लागलें. घरचीं माणसें समोर बसवावीं आणि त्यांचीं डोकीं मातींत घडवावीं, हा तिचा खेळ. कुटुंब नोजाँ-सुर-सेन या गांवीं असतांना आल्फ्रेद बूशे या शिल्पकारानें तिचें काम पाहिलें आणि या मुलीला रीतसर शिक्षण दिलें पाहिजे असा कौल दिला. आईला ही गोष्ट पसंत नव्हती, वडिलांना होती. १८८१ मध्यें मुलांच्या शिक्षणासाठीं बिऱ्हाड पॅरिसला हललें. वडील स्वतः नोकरीच्या गांवीं एकटे राहून घरखर्च पाठवूं लागले.

पॅरिसला आल्यावर पहिली भिंत आडवी आली. फ्रान्समधील कलाशिक्षणाचें माहेरघर म्हणजे ‘एकोल द बोझार’ ही सरकारी संस्था. तिचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. ते उघडले १८९७ सालीं, म्हणजे कामीय बत्तीस वर्षांची झाल्यावर. या बंदीचा अर्थ केवळ कांहीं पाठ चुकले एवढाच नव्हे. रोमला पाठविणारी सरकारी शिष्यवृत्ति, पुढें सरकारी समित्यांवर बसणाऱ्या सहाध्यायांची ओळख, आणि त्या ओळखींतून येणारीं पुतळ्यांचीं कामें, हें सर्व त्याच दरवाज्यांतून मिळत असे. कामीय कोलारोसी यांच्या खाजगी शाळेंत जाऊं लागली. तेथें स्त्रियांना प्रत्यक्ष नग्न देहावरून अभ्यास करण्याची मोकळीक होती. शिवाय तिनें कांहीं इंग्रज मैत्रिणींसह एक कामाची जागा भाड्यानें घेतली. बूशे अधूनमधून येऊन काम तपाशी. १८८२ मध्यें तो इटलीस जाण्यास निघाला, आणि जातांना या मुलींवर देखरेख ठेवण्याचें काम त्यानें आपल्या मित्रावर सोंपविलें. तो मित्र रोदँ. तो चाळिशी ओलांडलेला, कामीयपेक्षां चोवीस वर्षांनीं मोठा, आणि नुकताच नांवारूपास येऊं लागलेला होता.

१८८४ च्या सुमारास कामीय रोदँच्या शिल्पशाळेंत सहाय्यक म्हणून दाखल झाली. मूर्तिकाम प्रत्यक्षांत कसें चालतें हें येथें समजून घेतलें पाहिजे, कारण पुढचा सर्व घोटाळा त्यांतूनच उत्पन्न झाला आहे. कवीला कागद-लेखणी पुरते. चित्रकार एकटा चित्र पुरें करूं शकतो. मूर्तिकाराचें तसें नाहीं. प्रथम लोखंडी सांगाड्यावर ओल्या मातीची मूर्ति घडवावयाची. माती सुकून भेगाळण्यापूर्वीं तिच्यावरून साचा घेऊन प्लॅस्टरची प्रत काढावयाची. मग ती प्रत एकतर ओतकाम करणाऱ्याकडे देऊन ब्राँझमध्यें ओतवून घ्यावयाची, किंवा तिच्यावरील बिंदूंचीं मापें यंत्रानें दगडावर उतरवून संगमरवरांत कोरून घ्यावयाची. दगड कोरण्याचें हें काम बहुधा पगारी कारागीर करीत. रोदँच्या पिढींत हीच सर्वमान्य रीति होती. गुरूनें मातींत कल्पना घडवावी, दहा हातांनीं ती दगडांत उतरवावी आणि खालीं सही एकाची असावी, यांत कोणालाहि लबाडी वाटत नसे. परंतु अशा ठिकाणीं शिष्याचा वांटा कोठें सुरू झाला आणि कोठें संपला, याची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं.

त्या वेळीं रोदँच्या हातीं दोन प्रचंड कामें होतीं. एक ‘नरकाचें द्वार’, ज्यावर शेंकडों आकृति दाटीनें उठवावयाच्या होत्या. आणि दुसरें ‘कॅलेचे नागरिक’, म्हणजे गळ्यांत फांस घालून शत्रूच्या स्वाधीन होण्यास निघालेल्या सहा पुरुषांचा समूह. या कामांतील कित्येक हात-पाय त्यानें कामीयवर सोंपविले असें मानलें जातें. मूर्तिकामांत हात आणि पाय म्हणजे कसोटीचा भाग. चेहरा झांकला तरी नुसत्या बोटांवरून दुःख ओळखूं आलें पाहिजे. संगमरवर स्वतः कोरण्यांतहि तिचा हातखंडा होता, आणि ही विद्या त्या काळच्या बहुतेक नामांकित शिल्पकारांनीं कारागिरांवर सोडून दिलेली होती. याखेरीज तिचा चेहरा समोर ठेवून रोदँनें कितीतरी शिल्पें घडविलीं. खडबडीत दगडांतून वर आलेलें, टोपी घातलेलें, खालीं पाहणारें जें डोकें ‘विचार’ या नांवानें प्रसिद्ध आहे, तें तिचेंच. अशा रीतीनें तिचा चेहरा जगाला ठाऊक झाला. तिचा हात मात्र ओळखला गेला नाहीं.

गुरु-शिष्येचें नातें लौकरच प्रेमांत बदललें. रोदँच्या घरीं रोझ बरे ही स्त्री १८६४ पासून त्याच्या संसाराची धुरा वाहत होती. तिच्याशीं त्याचें लग्न झालेलें नव्हतें आणि तिला तो सोडीतहि नव्हता. १२ ऑक्टोबर १८८६ रोजीं त्यानें कामीयला एक करारवजा पत्र लिहून दिलें. तिच्याशिवाय दुसरी शिष्या घेणार नाहीं, प्रदर्शनांत व वृत्तपत्रांत तिच्या कामाची बाजू घेईन, तिला इटलीच्या प्रवासास नेईन आणि त्यानंतर तिच्याशीं विवाह करीन, अशा अर्थाचीं वचनें त्यांत आहेत. विवाहाचें वचन पाळलें गेलें नाहीं. पण त्या पत्रांतील आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. प्रेयसीला लिहिलेल्या त्या पत्रांत प्रदर्शनें, शिष्यत्व आणि वृत्तपत्रें यांचीं कलमें आहेत. कामीयला काय हवें होतें हें त्यावरून स्पष्ट दिसतें. तिला कारागीर म्हणून स्वतःचें स्थान हवें होतें.

याच वर्षांत ती ‘शकुंतला’ घडवीत होती. कालिदासाचें नाटक सर विल्यम जोन्सच्या १७८९ च्या इंग्रजी भाषांतरामुळें युरोपांत पोंचलें. १८३० मध्यें शेझी या पंडितानें तें मूळ संस्कृतावरून फ्रेंचमध्यें आणलें, आणि १८५८ सालीं पॅरिसच्या ऑपेरांत शकुंतलेच्या कथेवर नृत्यनाट्यहि झालें. इकडे पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग होऊन मराठी रंगभूमीचा नवा काळ सुरू झाला होता. म्हणजे ज्या दशकांत मराठी प्रेक्षक शकुंतलेच्या पदांवर लुब्ध झाले, त्याच दशकांत पॅरिसमधील एक तरुणी तिला मातींत आकार देत होती.

कामीयनें निवडला तो नाटकाचा शेवटचा प्रसंग. अंगठी सांपडल्यानें राजाला स्मृति आली आहे. मारीचाच्या आश्रमांत त्यानें शकुंतलेला पाहिलें आहे आणि तो तिच्यापुढें नमला आहे. शिल्पांत दागिने नाहींत, वल्कलें नाहींत, हिंदुस्थानची म्हणतां येईल अशी एकहि खूण नाहीं. दोन विवस्त्र देह तेवढे आहेत. पुरुष गुडघ्यांवर बसून वर तोंड करून तिला कवेंत घेतो आहे. स्त्री त्याच्याकडे झुकली आहे, तिचें मस्तक त्याच्या मस्तकाला टेंकलें आहे, आणि एक हात तिनें आपल्या छातीवर ठेवला आहे. ती त्याला क्षमा करते आहे कीं थकून त्याच्यावर कलंडते आहे, हें सांगणें कठीण. आणि कालिदासाचा सातवा अंक जाणणाऱ्याला हा संदेहच खरा वाटेल. इतक्या वर्षांच्या दुःखानंतरची क्षमा अशीच असते. तिच्यांत आनंद असतो आणि शीणहि असतो.

रोदँचें ‘शाश्वत मूर्ति’ नांवाचें एक शिल्प आहे. त्यांतहि पुरुष गुडघ्यांवर बसलेला आणि स्त्री त्याच्याहून उंचावर आहे. दोन्ही कृति शेजारीं ठेवल्या तर पाहणाऱ्यास साम्य दिसतें, आणि शिष्येनें गुरूचें अनुकरण केलें असा निष्कर्ष तो चटकन् काढतो. परंतु वर्षांकडे लक्ष दिलें तर क्रम उलटा आहे. कामीयची शकुंतला १८८८ मध्यें लोकांपुढें आली. रोदँचें शिल्प त्यानंतरचें मानतात. कामीयची ‘पेंढी घेतलेली मुलगी’ आणि रोदँची ‘गॅलटिया’ यांचाहि प्रकार असाच आहे : बसण्याची ढब जवळ जवळ तीच, आणि कामीयची कृति आधींची. शिल्पशाळेंत कल्पना हवेसारख्या वाहत असतात. कोणी कोणाची चोरली असें म्हणण्याचें कारण नाहीं. पण दोन सारख्या वस्तु दिसल्या म्हणजे प्रसिद्ध माणसाची ती मूळ आणि दुसऱ्याची ती नक्कल, असें धरून चालण्याची लोकांची जी रीत आहे, ती तपासून पाहण्याजोगी आहे. कीर्तीचें व्याज कसें वाढतें हें तिच्यावरून समजतें. भावाची गोष्ट अशी कीं, रोदँ स्वतः हें जाणून होता. सोनें कोठें मिळेल हें आपण कामीयला दाखविलें, पण तिला मिळालेलें सोनें तिचें स्वतःचें आहे, अशा आशयाचे उद्गार त्याच्या नांवावर प्रसिद्ध आहेत.

१८९२ च्या सुमारास कामीयनें रोदँची शिल्पशाळा सोडली, आणि १८९८ च्या सुमारास संबंध पूर्णपणें तुटला. या मधल्या वर्षांत तिनें जें केलें, त्यावरच तिची खरी योग्यता ठरवावी. रोदँची शैली म्हणजे पिळदार स्नायु, मोठा देह, आवेग. तिनें मुद्दाम दुसरा रस्ता धरला. १८९३ च्या अखेरीस भावाला लिहिलेल्या पत्रांत नव्या कल्पनांचीं लहान लहान रेखाटनें काढून, हें आतां मुळींच रोदँसारखें राहिलेलें नाहीं, असें तिनें अभिमानानें कळविलें. त्यांतूनच ‘गप्पा मारणाऱ्या स्त्रिया’ हें शिल्प जन्मास आलें. आगगाडीच्या डब्यांत समोरासमोर बसलेल्या बायका पाहून तिला तें सुचलें. चार स्त्रिया एका कोंपऱ्यांत दाटीनें बसल्या आहेत; एक तोंडाशीं हात नेऊन कांहीं गुपित सांगते आहे आणि बाकीच्या तिघी मान पुढें काढून ऐकत आहेत. सर्व शिल्प हातभर उंचीचें. मूर्ति म्हटली कीं राजा, सेनापति किंवा देवता, अशी ज्या काळची समजूत, त्या काळीं पाणवठ्यावर किंवा ओटीवर रोज दिसणारा प्रसंग तिनें कायमचा केला. पुढें हेंच शिल्प तिनें ऑनिक्स नांवाच्या हिरव्या झांकेच्या दगडांत कोरलें. हा दगड इतका कठीण आणि ठिसूळ कीं छिन्नी जराशी चुकली तर महिन्यांचें काम वाया जावें.

‘लाट’ हें तिचें दुसरें शिल्प तसेंच. ऑनिक्सची एक मोठी लाट फुटण्याच्या बेतांत उभी आहे आणि तिच्याखालीं हात धरून नाचणाऱ्या, गुडघे वांकविलेल्या तीन चिमुकल्या ब्राँझच्या स्त्रिया आहेत. जपानी चित्रकार होकुसाई याच्या प्रसिद्ध लाटेची छाया त्यावर स्पष्ट आहे. लाट पडणार हें त्या तिघींना कळलें आहे, तरी खेळ थांबलेला नाहीं. दगड आणि धातु, हिरवा आणि काळसर, प्रचंड आणि इवलेंसें, असा हा मेळ रोदँच्या शिल्पांत पाहावयास मिळत नाहीं.

मग हें काम लोकांपर्यंत कां पोंचलें नाहीं? येथें दुसरी भिंत येते, आणि ती पैशाची आहे. संगमरवराची शिळा, ओतकाम, मॉडेल म्हणून बसणाऱ्यांचा रोज, शिल्पशाळेचें भाडें, या सर्वांस रोख रक्कम लागते. मोठें शिल्प आधीं घडवून मग गिऱ्हाईक शोधणें बहुतेकांस अशक्य होतें. म्हणून शिल्पकाराचें भवितव्य सरकारी मागणीवर अवलंबून असे. कामीयनें नाचणाऱ्या जोडप्याचें ‘वॉल्ट्झ’ हें शिल्प घडविलें तेव्हां १८९२ मध्यें सरकारी निरीक्षक आर्माँ दायो तें पाहण्यास आला. काम उत्कृष्ट आहे असें त्यानें मान्य केलें. परंतु दोन्ही आकृति विवस्त्र असल्यानें हें सार्वजनिक ठिकाणीं ठेवतां येणार नाहीं, वस्त्र घालावें, असा शेरा मारला. रोदँच्या नग्न आकृतींनीं त्या वेळेपर्यंत सरकारी मागण्या मिळविल्या होत्या. पुरुषानें घडविलेला नग्न देह कलेंत जमा होई. स्त्रीनें घडविला तर तिच्या शीलाची चौकशी सुरू होई. कामीयनें हार मानली नाहीं. तिनें स्त्रीच्या कमरेपासून असें वाहतें वस्त्र जोडलें कीं गिरकीचा वेग दुप्पट झाला. शिल्प सुधारलें, सरकारी मागणी मात्र पदरांत पडली नाहीं.

१८९५ मध्यें ‘प्रौढ वय’ या तीन आकृतींच्या समूहाची सरकारी मागणी तिला मिळाली. एक वयस्क पुरुष पुढें चालला आहे. एक म्हातारी त्याला खेंचून नेत आहे. आणि मागें गुडघ्यांवर पडलेली एक तरुणी दोन्ही हात पसरून त्याला विनवीत आहे. पहिल्या मसुद्यांत तरुणीनें पुरुषाचा हात धरलेला होता. नंतरच्यांत तो सुटला आहे, आणि त्या दोन हातांमध्यें जी वीतभर रिकामी जागा उरली आहे, तिच्यावर सर्व शिल्पाचा तोल आहे. प्लॅस्टरची प्रत १८९९ मध्यें प्रदर्शनांत आली. पण ब्राँझची मागणी त्याच वर्षीं रद्द करण्यांत आली. कामीयला तेथेंहि रोदँचा हात दिसला. अखेर १९०२ मध्यें तिस्ये नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें स्वतःच्या खर्चानें तें ओतवून घेतलें. यूजेन ब्लो हा व्यापारी तिच्या पाठीशीं उभा राहिला आणि १९०५ मध्यें त्यानें तिच्या कामाचें प्रदर्शनहि भरविलें. परंतु विक्री बेताचीच झाली. याच सुमारास ‘शकुंतला’ संगमरवरांत कोरली गेली, ती ‘व्हर्टुम्नस आणि पोमोना’ या रोमन देवतांच्या नांवानें. आणि ब्राँझमध्यें ओतली गेली, ती ‘शरणागति’ या नांवानें. स्वतःच्या शिल्पांतहि शकुंतलेला तिचें नांव पुन्हा एकदां गमवावें लागलें.

तिसरी भिंत मनाची आणि घराची होती. सेन नदीच्या बेटावरील के बूर्बाँ या रस्त्यावर कामीय १८९९ पासून एकटी राहूं लागली. हळूहळू तिच्या मनानें घेतलें कीं रोदँ आणि त्याचे लोक आपल्या कल्पना चोरतात, आपल्याला विष घालूं पाहतात. ती दारें-खिडक्या लावून घेई, आणि वर्षभर घडविलेलीं शिल्पें हातोड्यानें फोडून टाकी. तिचें मन आजारी झालें होतें, यांत शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु आजार एक आणि त्यावर झालेला उपाय दुसरा. २ मार्च १९१३ रोजीं वडील वारले. आयुष्यभर तिला पैसे पाठविणारा हा एकच आधार होता. त्यांच्या मृत्यूची बातमी तिला कळविण्यांत आली नाहीं. १० मार्च रोजीं कुटुंबाचा अर्ज आणि एका डॉक्टरचा दाखला यांच्या बळावर तिला घरांतून उचलून वेड्यांच्या इस्पितळांत नेण्यांत आलें. १८३८ च्या फ्रेंच कायद्याप्रमाणें एवढें पुरेसें होतें. १९१४ मध्यें महायुद्धामुळें तिला दक्षिणेस आव्हिन्याँजवळील माँदेव्हेर्ग येथें हलविलें. पुढें डॉक्टरांनीं तिला बाहेर नेण्याचा प्रयत्न करून पाहावा असें सुचविलें, पण आईनें साफ नकार दिला. १९२९ मध्यें आई वारली, तोंपर्यंत ती एकदांहि मुलीला भेटावयास गेली नाहीं. भाऊ पोल परराष्ट्र-खात्यांत मोठ्या हुद्द्यांवर चढत गेला; तो अधूनमधून, वर्षांच्या अंतरानें, येऊन जाई. जेसी लिप्सकोम ही जुनी इंग्रज मैत्रीण मात्र १९२९ मध्यें मुद्दाम येऊन भेटली. कामीय घरीं परत नेण्याविषयीं पत्रें लिहीत राहिली. तीस वर्षांत तिनें पुन्हा मूर्तिकाम केलें नाहीं. १९ ऑक्टोबर १९४३ रोजीं, देशावर परकी सत्ता आणि इस्पितळांत अन्नाची टंचाई असतांना, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं ती मरण पावली. तिच्या अस्थि सार्वजनिक ठिकाणीं इतरांच्या अस्थींत मिसळून गेल्या.

आतां रोदँचा हिशेब. तो निर्दोष नव्हता. वचन त्यानें मोडलें, आणि तिच्या उमेदीचीं वर्षें त्याच्या शिल्पशाळेंत गेलीं. परंतु तिची शाळा त्यानें बंद केली नव्हती, ‘वॉल्ट्झ’वर शेरा त्यानें मारला नव्हता, तिला कोंडण्याचा अर्जहि त्यानें केला नव्हता. ताटातूट झाल्यावरहि त्यानें तिच्यासाठीं शब्द टाकले. १९१६ मध्यें त्यानें आपला संग्रह फ्रेंच राष्ट्रास अर्पण केला. त्याच्या भावी संग्रहालयांत कामीयच्या कामासाठीं दालन असावें या, मातियास मोरहार्ट या पत्रकारानें केलेल्या, सूचनेस त्याची संमति होती. १९१७ मध्यें तो वारला आणि १९१९ मध्यें संग्रहालय उघडलें. त्यांत तिच्या दालनाचा पत्ता नव्हता. तिच्या कृति तेथें आल्या त्या १९५२ मध्यें, भावाच्या देणगीनें. पुरुषाच्या पाठीशीं सरकार, व्यापारी, कारागीर आणि संग्रहालय अशी सर्व यंत्रणा उभी असते, आणि तो मेला तरी ती चालू राहते. कामीयच्या पाठीशीं एक म्हातारा बाप होता, आणि तो गेल्यावर आठ दिवसांत तिचें स्वातंत्र्य गेलें. सावली पडली ती या फरकाची.

ती सावली हटविण्यासहि माणसें आणि वर्षें लागलीं. १९५१ मध्यें पॅरिसच्या रोदँ संग्रहालयांत तिचें प्रदर्शन झालें, पण फारसा गाजावाजा झाला नाहीं. १९८२ मध्यें आन देल्बे या लेखिकेची कादंबरी आली. १९८४ मध्यें मोठें प्रदर्शन भरलें, आणि त्याच वर्षीं तिच्या बहीणभावांच्या वंशांतील रेन-मारी पारिस यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. १९८८ मध्यें बोलपट निघाला. मार्च २०१७ मध्यें नोजाँ-सुर-सेन येथें, क्लोदेल कुटुंब जेथें राहत असे त्या घरालाच जोडून, तिच्या नांवाचें सरकारमान्य संग्रहालय सुरू झालें. फेब्रुवारी २०२५ मध्यें पॅरिसमधील एका बंद घरांत सांपडलेली ‘प्रौढ वय’ची ब्राँझ प्रत लिलांवांत तीस लाख युरोंहून अधिक किंमतीस गेली. ज्या शिल्पाची मागणी सरकारनें रद्द केली होती, त्याची ही किंमत.

तथापि आज एक नवी सावली पडण्याची भीति आहे. ही तिच्याच दुःखाची आहे. ‘प्रौढ वय’पुढें उभें राहून लोक म्हणतात, हा रोदँ, ही रोझ, आणि ही कामीय, आणि घरगुती भांडण समजल्याच्या समाधानानें पुढें जातात. भावानेंहि तसाच अर्थ सांगितला होता. परंतु तिनें शिल्पाला जें नांव दिलें तें कोणा माणसाचें नव्हे; तें मनुष्याच्या वयाचें आहे. तारुण्य सोडून वार्धक्याच्या हातीं जाणारा पुरुष तो प्रत्येकच आहे, आणि पसरलेले हात प्रत्येकाच्या मागें आहेत. रोदँचें चरित्र वाचतांना वाचक त्याच्या कामाकडे वळतो. कामीयचें काम पाहतांना तो तिच्या चरित्राकडे वळतो. एवढ्या अन्यायानंतर तिच्यावर हा आणखी एक होऊं नये.

म्हणून शिल्पांचीं छायाचित्रें एखाद्या ग्रंथांत सांपडलीं, तर तिची करुण कहाणी क्षणभर बाजूस ठेवावी. लाटेखालच्या तीन मुलींचे वांकलेले गुडघे पाहावे. गुपित सांगणाऱ्या बाईचा तोंडाशीं नेलेला हात पाहावा, आणि तें ऐकण्यासाठीं पुढें आलेल्या तीन माना पाहाव्या. शकुंतलेनें आपल्या छातीवर ठेवलेला हात पाहावा. हे हात दुसऱ्या कोणाचे नाहींत, हें एकदां डोळ्यांस पटलें म्हणजे मग खालची सही वाचावी.